आईनं सांगितलं म्हणून आठवतं

राहुरी म्हटलं की नगरबाहेरच्या माणसाला कृषी विद्यापीठ, मुळा धरण आणि ऊस एवढंच आठवतं. पण मराठीतल्या एका थोर आत्मचरित्राचा महत्त्वाचा भाग या गावात घडला आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. त्याची आई लक्ष्मीबाई हिंदूच राहिली. पुढची चार-साडेचार वर्षं नवरा-बायको एकमेकांपासून लांब राहिले. मग संसार पुन्हा जुळला तो नगरला, आणि तिथून टिळक मंडळी काही काळ राहुरीला होती. राहुरी हे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं. मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन यांचं काम इथेच चालायचं. १८९९-१९०० च्या दुष्काळाचे ते दिवस. ज्या घरात बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जायची, अशा कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचं मन जातिभेदातून सुटलं ते या काळात. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पुढे दत्तूचे देवदत्त नारायण टिळक झाले. १९१९ मध्ये वडील गेले. त्यांचं चरित्र लिहायचं म्हणून देवदत्तांनी आईच्या मागे लागून तिला आठवणी लिहायला बसवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या या बाईंनी बोलल्यासारखं लिहिलं. आधी ते ‘संजीवनी’ या नियतकालिकात आलं आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ म्हणून पुस्तकरूपानं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला.

वडील घर सोडून गेले ते वर्ष देवदत्तांना स्वतःला कितपत आठवत असेल? तीन-चार वर्षं हे वय मोठं अवघड. माणसाच्या आठवणींची सीमारेषा नेमकी तिथेच आहे.

पहिली तीन वर्षं जातात कुठे?

मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं आपण चाललो, पडलो, बोलायला लागलो, आईला ओळखू लागलो, यातलं काहीच हाती लागत नाही. मानसशास्त्रात याला बालविस्मरण म्हणतात. गंमत अशी की दोन वर्षांच्या मुलाची स्मरणशक्ती कच्ची नसते. गेल्या महिन्यात मामाच्या गावी पाहिलेली म्हैस त्याला चांगली आठवते. त्या वेळी आठवतं, पुढे टिकत नाही.

याचं एक कारण मेंदूच्या बांधणीत आहे. प्रसंगांच्या आठवणी बसवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. लहानपणी तिथे नव्या चेतापेशी झपाट्यानं तयार होत असतात. टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसलिन यांच्या गटानं २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की नव्या पेशींची ही भरती जुन्या जोडण्या विस्कटते आणि त्याबरोबर जुन्या आठवणीही जातात. पेशींची वाढ औषधानं मंदावली, की पिल्लांना जास्त दिवस आठवतं.

दुसरं कारण भाषेचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी एक ‘जादूचं यंत्र’ बनवलं. वरून मोठं खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, दिवे लागायचे, आणि खालून तेच खेळणं छोटं होऊन बाहेर पडायचं. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांनी ते चालवलं. सहा महिने किंवा वर्षभरानं पुन्हा विचारलं, तेव्हा मुलांनी खेळणी फोटोत ओळखली, यंत्र कसं चालवायचं तेही करून दाखवलं. मात्र सांगताना त्यांनी फक्त तेच शब्द वापरले, जे यंत्र पाहिलं त्या दिवशी त्यांना येत होते. मधल्या काळात मुलं कितीतरी नवे शब्द शिकली होती, तरी जुन्या अनुभवाला त्यांनी ते लावले नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ साधा आहे: जे घडताना शब्दात आलं नाही, ते पुढे शब्दात आणणं फार अवघड.

मग लहान मुलाच्या अनुभवाला त्या वेळी शब्द देतं कोण? बहुतेक घरांत याचं उत्तर एकच असतं.

‘अजून काय?’ आणि ‘मग काय झालं?’

समजा, तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई मुळा धरणावर जाऊन आली. रात्री जेवताना ती विचारते, “आज काय पाहिलं?” “पाणी.” “अजून काय?” “पाणी.” “अरे, अजून काय? सांग की नीट.” मूल कंटाळतं, विषय संपतो. दुसऱ्या घरातली आई म्हणते, “दारातून पाणी केवढ्यानं पडत होतं नाही? तुझ्या अंगावर काय उडालं रे?” “पाणी!” “हो, तुषार उडाले. मग तू कुणाच्या मागे लपलास?” “आजोबांच्या.” “घाबरलास होय? आणि आजोबा काय म्हणाले?” ही आई परीक्षा घेत नाही. मुलानं दिलेला एकेक शब्द उचलून ती त्याला पुढचा तपशील जोडते, भावनेचं नाव देते, आणि थांबून मुलाला पुढे बोलू देते.

अमेरिकेतल्या रॉबिन फायव्हश आणि न्यूझीलंडमधल्या इलेन रीस यांनी गेली तीसेक वर्षं घराघरांतली अशी बोलणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. त्यांना या दोन तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसल्या. फुलवून बोलणाऱ्या आयांची मुलं वर्ष-दोन वर्षांनी स्वतःहून जास्त तपशिलानं, जास्त सुसंगत गोष्ट सांगू लागतात. हे केवळ हुशार आयांना हुशार मुलं झाल्यामुळे तर नाही ना, हे तपासायला काही प्रयोगांत आयांना अशा बोलण्याचं साधं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांच्या मुलांच्या सांगण्यातही फरक पडला. ओटागोच्याच आणखी एका अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या मुलांशी आया कशा बोलतात याची नोंद ठेवली होती. तीच मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांना सर्वांत जुनी आठवण विचारली. गट लहान होता, पण कल स्पष्ट होता: ज्यांच्या आया फुलवून बोलायच्या, त्यांच्या आठवणी जास्त मागे पोचत होत्या.

न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात केलेलं निरीक्षण तर याहून बोलकं आहे. मिंडा टेस्लर आणि कॅथरीन नेल्सन यांनी आयांना तीन वर्षांच्या मुलांबरोबर तिथे फिरवलं आणि त्यांचं बोलणं टिपलं. काही दिवसांनी मुलांना विचारलं, तर ज्या वस्तूंबद्दल आई आणि मूल दोघंही बोलले होते त्याच वस्तू मुलांना सांगता आल्या. एकटी आई ज्याबद्दल बोलली किंवा एकट्या मुलानं जे बोट करून दाखवलं, ते गळून गेलं. लहान वयात आठवण बसायला दोघं लागतात.

मग साऱ्या जगातल्या मुलांच्या आठवणी एकाच वयापासून सुरू होतात का? तसं नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या ची वांग यांना दिसलं, की अमेरिकी तरुणांची पहिली आठवण चिनी तरुणांच्या मानानं सुमारे सहा महिने आधीची असते आणि तिच्यात ‘मी’ जास्त असतो. चिनी आठवणींत घर, शेजार, शाळा यांचा गोतावळा जास्त. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी तर तीन वर्षांच्याही आधीच्या निघाल्या. वंशावळ, पूर्वजांच्या हकीकती, जन्माची गोष्ट हे सगळं माओरी घरांत मुलांसमोर वारंवार सांगितलं जातं. म्हणजे ही सीमारेषा निसर्गानं पक्की आखलेली नाही. घरातलं बोलणं तिला थोडी मागे-पुढे सरकवतं.

या अभ्यासांत एक खटकणारी गोष्टही निघाली. अमेरिकी घरांत आई आणि वडील दोघंही मुलीशी जास्त फुलवून बोलताना दिसले, मुलाशी कमी. दुःखाबद्दलचं बोलणं तर मुलीशीच जास्त. “मुलगा असून रडतोस काय?” हे वाक्य आपल्या घरांतही काही नवीन नाही. ज्या मुलाला स्वतःचं दुःख शब्दात मांडायला कुणी शिकवलं नाही, त्याच्या आठवणीतही त्या दुःखाला नाव राहत नाही.

विन्याला विचारलेला प्रश्न

विनोबा भाव्यांच्या लहानपणीची एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांची आई रुक्मिणीबाई यांनी देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजून त्या वाहायच्या. वडील विज्ञानाच्या वळणाचे. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, लाखाचं वजन काढ, वर थोडे जास्त घाल, झालं. आईला यावर उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी तिनं मुलाला विचारलं. विन्या म्हणाला, हा हिशेबाचा प्रश्न नाही. एकेका दाण्याबरोबर देवाचं नाव मनात येतं, म्हणून मोजायचं.

या प्रसंगात आईनं मुलाला काही शिकवलं नाही. तिनं खरोखरीचा प्रश्न विचारला आणि मुलाच्या उत्तराला वजन दिलं. आधी वर्णन केलेल्या संवादाचं हे मोठ्या वयातलं रूप. याच आईची संस्कृत येत नसल्यामुळे गीता कळत नाही अशी खंत होती, आणि तूच मराठीत का करत नाहीस, असं तिनं मुलाला म्हटलं होतं. १९१८ मध्ये ती गेली. १९३०-३१ मध्ये विनोबांनी ‘गीताई’ लिहिली. साने गुरुजींची आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेली आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्या पुस्तकाची घडणही पाहण्यासारखी आहे: श्याम रोज रात्री सोबत्यांना जमवतो आणि आईची एक आठवण सांगतो. आठवण आधी सांगितली जाते, मग कागदावर येते.

लिहिता न येणाऱ्या बायकांनी हेच काम जात्यावर केलं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. माहेर, आई, भाऊ, पहिलं बाळंतपण, दुष्काळ असं सगळं त्यांत आहे. पहाटे आईच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगणारी पोर त्या ओव्या ऐकायची, मोठी झाली की खुंट्याला हात लावायची आणि मग स्वतःची कडवी जोडायची. गिरणी आल्यावर दळणाचे कष्ट संपले हे चांगलंच झालं. पण रोज तास-दोन तास मुलीच्या कानावर घराचा इतिहास घालणारी वेळही त्याबरोबर गेली.

जिभेची आणि रक्ताची आठवण

सगळ्या आठवणी शब्दांत बसत नाहीत. जन्मलेलं मूल पहिल्याच दिवसांत इतर बायकांच्या आवाजातून आईचा आवाज ओळखतं, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं. पोटात असतानाच त्याची तयारी झालेली असते. चवीचंही तसंच. फिलाडेल्फियात जूली मेनेला यांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस प्यायला दिला, तर काहींना अंगावर पाजण्याच्या काळात. दोन्ही गटांतल्या बाळांनी वरचं अन्न सुरू झाल्यावर गाजराच्या चवीची पेज इतरांपेक्षा सहज स्वीकारली. लसणाचा वास गर्भजलात आणि दुधात उतरतो, हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. राहुरीच्या पोराला बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा आवडत असेल, तर त्याची पहिली ओळख दात येण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

बाजरीचा आठवणीशी संबंध याहून खोल आहे. बाळाच्या वाढत्या मेंदूला, विशेषतः हिप्पोकॅम्पसला, लोह लागतं. आई रक्तक्षयी असली तर बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठा कमी पडू शकतो. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण दिला. ग्रामीण महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने अशा बाजरीची भाकरी देऊन साध्या बाजरीशी तुलना केली गेली. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांच्या अंगातलं लोह वाढलं, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांतही ते पुढे राहिले. आईच्या माथी मारल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा शेतात आणि रेशनच्या दुकानात ठरत असतात.

आठवण खोटीही असू शकते

घरात सांगितलेलं सगळं घडलेलंच असतं असं नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार हकीकती वाचायला दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून मिळवलेल्या. चौथी रचलेली: तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. सुमारे चतुर्थांश लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’. घरच्या माणसाच्या नावावर आलेली गोष्ट मन सहसा नाकारत नाही. ‘तू लहानपणापासूनच भित्रा’, ‘तुला गणित कधी आलंच नाही’ ही आईची वाक्यं म्हणून धोक्याची. मूल पुढे त्यांना जुळणारे पुरावे स्वतःच्या भूतकाळातून शोधून काढतं.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाच्या बाबतीत आठवणी पडताळण्याचं काम घरातच झालं. त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजीनं सांगितलं, मुलानं लिहायला लावलं, नातवानं तपासलं. कुटुंबाची आठवण जपण्याचा हा क्रम फार चांगला म्हणायला हवा.

सगळं आईवरच का?

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग मुलाचं बरंवाईट सगळं आईच्या हातात. विज्ञानानं ही चूक एकदा केली आहे. १९५०-६० च्या दशकांत मुलाच्या स्वमग्नतेचं खापर ‘थंड’ आयांवर फोडलं जायचं. ब्रुनो बेटलहाइम यांनी हा समज लोकप्रिय केला, आणि हजारो आयांनी विनाकारण अपराधीपण सोसलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी त्याला सडेतोड उत्तर दिलं. स्वमग्नतेची मुळं मेंदूच्या घडणीत आहेत, हे आता सर्वमान्य आहे.

शिवाय आठवण फुलवायला जन्मदात्रीच लागते असं कुठल्याही अभ्यासात निघालेलं नाही. बालकवी ठोंबरे तरुण वयात नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. बालकवी १९१८ मध्ये रेल्वे अपघातात गेले. माणूस म्हणून ते घरात कसे होते, हे आज आपल्याला कळतं त्यात ‘स्मृतिचित्रे’चा वाटा मोठा आहे. आजी, आत्या, वडील, अंगणवाडीताई, यांपैकी कुणीही मुलाचा शब्द उचलून पुढचा प्रश्न विचारू शकतं.

प्रश्न आहे तो वेळेचा. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, पाथर्डी, शेवगावकडचे कोयते साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरायला रात्रही पुरत नाही. मूल बांधावर किंवा कोपीत, नाही तर गावाकडे आजीजवळ. या बाईला गोष्टी सांगता येत नाहीत असं नव्हे. तिच्याजवळ अर्धा तास नसतो. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं यांचा विचार आपण शिक्षण म्हणून करतो. वर्षातले पाच-सहा महिने मुलाशी निवांत बोलणारं एक मोठं माणूस मिळणं, हाही त्याच सोयीचा भाग आहे.

अटलांटातल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायव्हश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची यादी केली: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं, घरावर कुठलं संकट आलं होतं. ज्यांना यातलं जास्त माहीत होतं, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. ड्यूक यांनी पुढे बजावलं, की ही उत्तरं पाठ करून घेऊन काही होणार नाही. उत्तरं माहीत असणं ही त्या घरात सवडीनं बोलणं होत असल्याची खूण आहे.

बाजारात आज मुलांची स्मरणशक्ती वाढवणारी चूर्णं आहेत, अ‍ॅप आहेत, गर्भसंस्काराचे वर्ग आहेत. संशोधन ज्या गोष्टीकडे बोट दाखवतं तिला पैसे पडत नाहीत, सवड मात्र लागते, आणि बहुतेक घरांत सर्वांत कमी सवड आईलाच असते. तेव्हा मुलावर आईचे संस्कार व्हावेत असं ज्या घराला मनापासून वाटतं, त्या घरानं आधी एवढं ठरवावं, की रोज संध्याकाळी त्या अर्ध्या तासात भाकऱ्या कोण थापणार.